बांधीतली मोटार

माझं लग्न मोटारीकडे पाहून ठरलं. मुलाकडे कुणी फारसं पाहिलंच नाही.

माझे वडील नागपुरात शाळामास्तर. स्थळ पाहायला ते चांदा जिल्ह्यात, सिंदेवाहीच्या पुढच्या एका गावी गेले आणि परत आले ते कोटावरची धूळसुद्धा न झटकता. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, "मुलगा काय करतो?"

"त्यांच्याकडे मोटार आहे," वडील म्हणाले.

"असू दे. मुलगा काय करतो?"

"अगं, मालगुजाराचा एकुलता एक मुलगा. त्याला काय करायचं असतं? मला घ्यायला स्टेशनावर मोटार आली होती. मागच्या गादीवर मी एकटा. रस्त्यानं माणसं बाजूला सरून उभी राहत होती."

"आणि येताना?"

"येताना रेंगीनं आलो. बैल चांगले होते. मोटार तहसीलदारसाहेबांनी मागून नेली होती. तहसीलदार ज्यांच्या दारात मोटार मागायला येतो अशी माणसं आहेत ती."

मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करायचा पिढीजात हक्क, त्याच्या आदल्याच वर्षी कायद्यानं गेली होती. वडील रोज वाचनालयात जाऊन वर्तमानपत्र वाचत. मालगुजार आता नावाचेच मालगुजार राहिले, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण जन्मभर सायकल रेटलेल्या माणसाला एकदा मऊ गादीवर बसवलं की त्याचं वाचन कामाला येत नाही. वैशाखात माझं लग्न झालं.

लग्न नागपूरला झालं आणि वऱ्हाड छोट्या लायनीच्या गाडीनं परत निघालं. सिंदेवाहीला उतरलो तर स्टेशनाबाहेर ती उभी. काळी, लांबलचक, वर कापडाचं छत, पुढच्या दिव्यांना झेंडूच्या माळा. सासऱ्यांना तिथली रीत म्हणून मी मामाजी म्हणायचे. ते ड्रायव्हरशेजारी बसले. मागं मी, माझे यजमान आणि आतेसासू. या मामाजींच्या विधवा बहीण, घरात सत्ता त्यांचीच. बाकीचं वऱ्हाड, भांडीकुंडी आणि रुखवत मागून बैलांच्या बंड्यांनी.

निघताना मोटारीनं बंड्यांच्या अंगावर अशी धूळ उडवली की आतेसासूंना हसू आवरेना. मामाजी मागं वळून मला म्हणाले, "पोरी, तुह्या बापानंबी असाच प्रवास केला होता." मी मान खाली घातली. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा थोडं बरं वाटलं होतं. एकोणीस वर्षांची होते.

गावाच्या अलीकडे एक नाला लागतो. तो ओलांडायला दगडांचा रपटा होता, पण तो लांबून वळसा घालून. सरळ गेलं तर धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. उन्हाळ्यात बांध्या सुक्या असतात, नुसती खुंटं. पण प्रत्येक बांधीला चारी बाजूंनी मातीचा धुरा असतो, गुडघ्याएवढा उंच.

"मालक, रपट्यावरून घेतो," ड्रायव्हर म्हणाला. तो लढाईत फौजेच्या गाड्या चालवून आलेला माणूस होता.

"काऊन? बांध्या सुक्या हायेत. काढ बांध्यांतून."

"धुरे मोठे हायेत मालक. अन् मागचा आस..."

"तू डायवर हाय का मालक हाय?"

ड्रायव्हरनं मोटार बांध्यांत घातली. दोन धुरे कसेबसे पार पडले. तिसऱ्यावर पुढची चाकं चढली, उतरली, आणि मागची चाकं वर असताना खालून काडकन आवाज आला. माझं डोकं पुढच्या गादीच्या पाठीवर आपटलं. मोटारीचा मागचा भाग धुऱ्यावरून घसरत खाली आला आणि एका अंगावर कलंडून बसला. ड्रायव्हर उतरला, वाकून खाली पाहिलं, आणि बिडी काढून पेटवली. मालकासमोर नोकर बिडी पेटवतो म्हणजे काय झालं असेल ते मला तेवढ्यावरूनच कळलं.

मामाजी खाली उतरेनात. हातात काठी घेऊन समोर पाहत बसून राहिले. आम्हीही बसून राहिलो, कापडाच्या छताखाली उकडत. मग ज्यांच्या अंगावर धूळ उडवली होती त्या बंड्या एकेक करून आल्या. बंडीतलं कुणी हसलं नाही. सगळे अगदी गंभीर चेहऱ्यानं बसले होते, आणि इतकी माणसं एकाच वेळी इतकी गंभीर मी पुढं कधी पाहिली नाहीत.

आतेसासू उतरताना मोठ्यानं म्हणाल्या, "पोरीचा पायगुण पाह्यला का? दहा वर्सं मोटारीले काई झालं नाई. हे बसली अन् मोटार बसली."

ते वाक्य गावात माझ्या आधी पोचलं. मी मागून भांड्यांच्या बंडीत बसून पोचले.

ज्या बांधीत मोटार बसली ती एका विधवा बाईची होती. चाळिशीतली, उंच, काळीसावळी. ती त्याच वेळी रानातून तेंदूच्या पानांचा भारा डोक्यावर घेऊन येत होती. भारा न उतरवताच ती उभी राहिली.

"मालक, माह्या बांधीत हाय हे."

"दिसते मले," मामाजी म्हणाले.

"नांगराच्या आदी काढसान ना?"

"उद्या काढू. पार्ट मागवतो."

पुढली तीन वर्षं आमच्या घरात हा पार्ट येत होता. "पार्ट येऊन राह्यला," असं मामाजी जेवताना सांगत, ओसरीवर सांगत, वाटेत कुणी नमस्कार केला तर त्यालाही सांगत. आधी तो नागपूरहून यायचा होता. मग कलकत्त्याहून. मग नागपूर-कलकत्त्याची माणसं अडाणी निघाली आणि तो विलायतेहून यायला लागला. पार्ट जितका लांबून येणार तितकी मोटारीची किंमत वाढत गेली.

माझ्या यजमानांनी एकदा भीत भीत सुचवलं, "बाबा, चार बैल लावू. घरी तरी आणून ठेवू."

"मालगुजाराची मोटार बैल ओढतीन?" मामाजी ओरडले. "लोक थुंकतीन माह्या तोंडावर!"

लोकांना थुंकायचं असतं तर मालगुजारी होती तेव्हाची कारणं पुष्कळ होती. पण ते मी मनात म्हणाले. यजमान गप्प बसले. गप्प बसणं हेच त्यांचं तेव्हाचं काम होतं, आणि ते त्यांना चांगलं जमायचं. ड्रायव्हर मात्र शहाणा निघाला. पंधरवड्याच्या आत तो माजरीच्या कोळशाच्या खाणीवर ट्रक चालवायला निघून गेला.

पाऊस आला, बांध्या भरल्या. त्या बाईनं मोटारीच्या भोवतीनं नांगर फिरवला, चिखल केला आणि रोवणं उरकलं. पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, मोटारीच्या चाकांपर्यंत येऊन थांबले होते. मामाजींनी एका गड्याला दर सोमवारी मोटार पुसायला पाठवायला सुरुवात केली. तो बिचारा धोतर मांडीपर्यंत खोचून पाण्यात उतरायचा, पावसात भिजत असलेली मोटार ओल्या फडक्यानं पुसायचा आणि परत यायचा. मामाजी विचारत, "पुसली?" तो म्हणे, "पुसली मालक." घरातल्या एकालाही यात काही वेगळं वाटत नव्हतं.

दसऱ्याला तर कहर झाला. शस्त्रपूजेला मोटारीची पूजा करायची असं मामाजींनी ठरवलं. पुढं ते, डोक्यावर जरीचा रुमाल. मागं आतेसासू, यजमान, माझी नणंद, आणि हातात पूजेचं ताट घेऊन मी. धान पोटरीत येऊन ओंब्या टाकत होतं. धुऱ्यापर्यंत ठीक होतं, पण मोटार बांधीच्या मधोमध. मामाजी सरळ धानात उतरले.

"मालक!"

ती बाई पलीकडच्या धुऱ्यावर उभी होती, हातात विळा.

"पूजा करा, पन पाय धानात ठेवू नोका."

"मंग काय उडत जाऊ?"

"धुऱ्यावरून हात जोडा. देव काई रागावत नाई."

"बांधी कोनाची हाय ठाऊक हाय का तुले?"

"हाय ना," ती म्हणाली. "माही हाय. पटवारी सांगून गेला, आता मालगुजारी नाई. दरसाल सारा मी सरकारात भरतो."

मामाजींनी आमच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि नुसते पुढं चालायला लागले. त्यांच्या मागं आतेसासू, मग यजमान, मग नणंद. ओंब्यांवर आलेलं धान मोडत मोडत आमच्या घरची वरात मोटारीपाशी पोचली. मी धुऱ्यावरच थांबले, ताट हातात घेऊन. मामाजी तिथून ओरडले, "ताट आन!" मी म्हणाले, "माझा पायगुण वाईट आहे, मामाजी. मोटारीला आणखी काही व्हायचं." शेवटी यजमान परत आले आणि ताट घेऊन गेले, म्हणजे धान आणखी दोनदा तुडवलं गेलं. मोडक्या मोटारीला हळदकुंकू वाहून आणि नारळ फोडून आम्ही घरी आलो. त्या बाईनं विळा खाली ठेवला नाही. तिच्या मनात काय होतं ते तिच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. माझ्या चेहऱ्यावरही तेच असावं.

दुसऱ्या साली रानडुकरं फार झाली. धान कापणीला आलं की ती कळपानं येत आणि रात्रीत बांधी साफ करत. लोक मचाण बांधून राखण करायचे. त्या बाईला मचाण बांधून द्यायला कुणी नव्हतं, आणि बांधीत आयतीच मोटार होती. तिनं मागच्या गादीवर भाताच्या पेंढ्याचं तणस अंथरलं, एक पत्र्याचा डबा वाजवायला घेतला, कुत्रं घेतलं आणि तिथंच निजू लागली. त्या तीन वर्षांत मोटारीचा कुणाला उपयोग झाला असेल तर तेवढाच.

मामाजींना कळलं तेव्हा ते पानावरून उठले. "माह्या मोटारीत गावची बाई निजते!" त्यांनी सिंदेवाहीच्या बाजारातून पितळी कुलपं आणवली, लोहाराकडून दारांना कड्या बसवून घेतल्या आणि मोटारीच्या चारही दारांना कुलपं लावली. किल्ल्या स्वतःच्या करगोट्याला. आता त्या मोटारीचं कापडाचं छत पहिल्याच वर्षी माकडांनी फाडून नेलं होतं. वर उघडं आभाळ. ती बाई दारावरून पाय टाकून आत जायची आणि निजायची. कुलपं शाबूत, किल्ल्या कमरेला शाबूत. मामाजी रोज सकाळी गड्याला विचारत, "कुलपं हायेत ना?" तो म्हणे, "हायेत मालक."

घरात मात्र माझ्या नावाला लागलेलं पायगुणाचं कुलूप काही निघालं नाही. गाय मेली, माझा पायगुण. विहिरीचं पाणी आटलं, माझा पायगुण. आतेसासूंनी तर मालगुजारी जाण्याचा दोषही मला दिला. ती माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी गेली होती, हे मी एकदा सांगून पाहिलं. त्यावर त्या म्हणाल्या, "ठरली त तेव्हाच होती ना तू." त्यांच्या पुढं मी हात टेकले.

त्या वर्षी यजमान एका जंगल ठेकेदाराकडे मुन्शी म्हणून लागले आणि भामरागडकडे गेले. घरात बसून माझं तोंड पाहण्यापेक्षा त्यांना वाघाचं जंगल बरं वाटलं असावं. पावसाळ्यात तिकडची वाट बंद व्हायची, मग दोन-दोन महिने पत्ता नसे. एकदा परतल्यावर सांगत होते, ठेकेदारानं लढाईतला जुना ट्रक नदीपलीकडे नेला, पूर आला, ट्रक तिकडेच राहिला. आता त्याच्या इंजिनात वारूळ झालं आहे आणि गावचे गोंड लोक त्याला वळसा घालून मोहफुलं वेचायला जातात. "ठेकेदार म्हणतो, पार्ट आला की आणू," असं ते म्हणाले आणि हसले. मी हसले नाही. स्वतःच्या घरचं हसायला त्यांना शंभर मैल जावं लागत होतं.

तिसऱ्या सालच्या कापणीत एका दुपारी मी नाल्यावरून परत येत होते. त्या बाईनं मला हाक मारली.

"सूनबाई, या. बसा घडीभर."

बसायला जागा म्हणजे मोटारच. मीही दारावरून पाय टाकून आत गेले. गादीच्या स्प्रिंगा वर आल्या होत्या, त्यावर तणस. तिनं वाळूक चिरून अर्धं मला दिलं.

"इथीच बसल्या होत्या ना तुमी, लग्नाच्या दिवशी?"

"इथंच."

"घरचे तुमाले वाईट पायाची म्हणतेत म्हणे."

"म्हणतात."

"तुमी कायले आयकून घेता? हे मोटार तुमी यायच्या आदीच मेली होती."

मी वाळूक खायची थांबले. ती सांगत गेली, धानाची पेंढी बांधायचा बंध वळता वळता, जसं काही विशेष नव्हेच. मागच्या आसाला आदल्या पावसाळ्यातच भेग गेली होती. लोहारानं त्याला लोखंडाची पट्टी मारून दिली होती आणि सांगितलं होतं, फार चालवू नका. माझे वडील येणार तेव्हा मामाजींनी या बाईचे बैल मागून नेले, मोटारीला जुंपले आणि उजाडायच्या आत मोटार ओढत स्टेशनाजवळच्या आमराईपर्यंत नेली. तिथून पुढं माझ्या वडिलांना बसवून एकदाच चालवत गावात आणली. परत पोचवायची हिंमत नव्हती, म्हणून तहसीलदाराचं नाव घेतलं. लग्नाच्या दिवशीही मोटार स्टेशनावर पोचली ती बैलांच्याच मागं.

"माहेच बैल होते," ती म्हणाली. "दोन्ही खेपेले."

"गावात कुणाला ठाऊक होतं हे?"

"कोनाले ठाऊक नोतं? बैलामागं मोटार जाते अन् गाव निजून राह्यते का?"

"मग तीन वर्षं तुम्ही बोलला का नाही?"

ती बंध खाली ठेवून माझ्याकडे पाहत म्हणाली, "इचारलं कोनं? अन् मालकाच्या घरची गोष्ट, सूनबाई. आमाले इथीच राहाचं हाय. पन आता तुमच्याकडे पाहून माह्याच्यानं राह्यवत नाई."

घरी जाताना मला संताप आला होता. तिच्यावर नाही. बंड्यांत बसून गंभीर चेहरे करणाऱ्या त्या सगळ्या गावावर, आणि सगळ्यांत जास्त त्या एका वाक्यावर: मालगुजाराची मोटार बैल ओढतीन? ओढत होतेच की. दोनदा ओढली.

मी लगेच काही बोलले नाही. आतेसासूंशी भांडून काही निघणार नव्हतं. बोलायची वेळ माघात आली.

नणंदेला पाहायला ब्रह्मपुरीकडचे पाहुणे आले. मुलाचा बाप धानाची गिरणी चालवणारा, बोटांत तीन अंगठ्या. मुलगा दिसायला बरा होता. नणंद आत दाराच्या फटीतून त्याला पाहत होती आणि तिचे कान लाल झाले होते. बोलणं हुंड्यावर आलं तेव्हा गिरणीवाला म्हणाला, "आमाले काई नाई पाहिजे, मालक. तुमच्याकडे मोटार हाय म्हणे. जावयाले देऊन टाका."

मला वाटलं, आता तरी मामाजी खरं सांगतील. मामाजी मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "जावई आमचा, त मोटार कोनाची? त्याचीच."

"चालती हाय ना?"

"एक पार्ट येऊन राह्यला. विलायतेहून निघाला हाय."

"लग्नापर्यंत पोचंन?"

"पोचला म्हणून समजा."

"मंग वरात मोटारीतूनच काढू. पाहून घेऊ का जाता जाता?"

"आता उन्हं चढले," मामाजी घाईनं म्हणाले. "बांधीत कोन जाईन. पोहे घ्या, पोहे घ्या."

पोहे घेऊन मीच बाहेर आले होते. ताटल्या ठेवल्या. नणंदेचे लाल कान माझ्या डोळ्यांपुढं होते. तिचा बाप माझ्या बापाला जसा बनवून गेला तसाच आता या गिरणीवाल्याला बनवणार होता, आणि लग्नानंतर मोटार कुठं आहे म्हणून सासरी कोण मार खाणार होतं ते सांगायला ज्योतिषी नको होता.

"मामाजी," मी म्हणाले, "बैल आतापासूनच सांगून ठेवा. माझ्या वडिलांच्या वेळी त्या बांधीवाल्या बाईचे होते. आता त्यातला एक म्हातारा झाला. दुसरी जोडी पाहावी लागेल."

"बैल कायले?" गिरणीवाल्यानं विचारलं.

"मोटार ओढायला. तिचा आस माझ्या लग्नाच्या आधीपासून मोडका आहे. बैलांनी स्टेशनापर्यंत ओढत नेतात आणि पाहुण्यांना तिथून बसवून आणतात. तुम्ही रेंगीनं आलात म्हणून तुम्हाला दिसलं नाही."

आतेसासूंच्या हातातला अडकित्ता तसाच उघडा राहिला. मामाजी माझ्याकडे पाहत होते, पण त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. ती पाहून मला दया यायला हवी होती. आली नाही.

गिरणीवाला पोह्यांची ताटली बाजूला सारून उठला. दारात वळून तो मामाजींना म्हणाला, "मालक, खोटं बोलाचं त पयले घरच्यायले समजावून ठेवत जा." म्हणजे त्याचं दुःख खोट्याबद्दल नव्हतंच, व्यवस्था नीट नव्हती याबद्दल होतं. असल्या घरात नणंद गेली नाही हे बरंच झालं, असं मला तेव्हाच वाटलं. तिला मात्र वाटलं नाही. तिनं हातातल्या बांगड्या काढून माझ्या पायांशी फेकल्या आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

आतेसासू संध्याकाळपर्यंत रडत आणि मला शिव्या देत होत्या. माझ्या सासूबाई, ज्यांचा आवाज मी त्या घरात क्वचितच ऐकला, चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मी बारा वर्सं त्या मोटारीले ओवाळलं. आत कदी बसली नाई. जागाच नसे." आणि पुढची भाकरी थापायला घेतली. माझ्या बाजूनं त्या घरात तेवढंच बोललं गेलं.

आठ दिवसांनी यजमान जंगलातून आले. त्यांच्या कानावर सगळं आधीच आलं होतं. मला वाटलं रागावतील. ते पाय धुऊन आले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बोललीस ते बरं केलंस."

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं. "आस मोडका होता ते?"

"होतं."

"आणि बैलांचं?"

"बैल मीच हाकत नेले होते. पहिल्या खेपेला."

"आणि तीन वर्षं मला घरातलं प्रत्येक माणूस पायगुणावरून बोलत होतं तेव्हा?"

ते पंचानं पाय पुसत राहिले. त्यांच्याशी आयुष्य काढलं, चार मुलं झाली, चांगले दिवसही पाहिले. पण त्या तीन वर्षांच्या गप्प बसण्याला माझ्याकडून माफी मिळाली नाही आणि त्यांनीही मागितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते उठले आणि सरळ लोहाराकडे गेले. लोहार घण आणि छिन्न्या घेऊन निघाला तेव्हा यजमान पुढं चालत होते, आणि गावातली दहा-वीस माणसं न बोलावता मागं.

बांधीत धान निघून गेलं होतं. त्या बाईनं आधी तणस बाहेर काढलं, कुत्र्याला बाजूला बांधलं आणि म्हणाली, "तोडा." पितळी कुलपांच्या किल्ल्या मामाजींकडे, म्हणून पहिले घाव कुलपांवर पडले. दारं निघाली, पत्रा निघाला. यजमानांनी सदरा काढून ठेवला होता आणि घाम गाळत ते घण मारत होते. इतक्या मनापासून काही करताना मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं. स्प्रिंगांचे लोहारानं विळे केले, पत्रे कुणाकुणाच्या गोठ्यावर गेले. मोडका आस काढला तेव्हा लोहारानं स्वतःचीच पट्टी ओळखली आणि काढून सगळ्यांना दाखवली. लोक या खेपेला मोकळेपणी हसले. घरातून बांधी दिसत नसे, पण घणाचा आवाज ऐकू येई. मामाजी ओसरीवर बसून होते. ते उठून आले नाहीत आणि त्यांनी कुणाला थांबवलंही नाही.

मोटारीखालची जमीन तेल पिऊन काळी पडली होती. पहिल्या साली तिथं पऱ्हे पिवळे पडून मेले. ती बाई दोन वर्षं तिथं शेणखत टाकत राहिली, मग धान धरलं.

नणंदेचं लग्न दोन वर्षांनी सिंदेवाहीच्या सरकारी भातशेतीवरच्या एका कारकुनाशी झालं. साधा माणूस, सायकलवाला. ती सुखात राहिली. माझ्याशी बोलायला लागली ती पहिल्या बाळंतपणाला घरी आली तेव्हा, आणि तेव्हाही त्या पाहुण्यांचा विषय तिनं काढला नाही. मीही काढला नाही.

मामाजींनी मात्र पुढं नवीनच सांगायला सुरुवात केली. आमचा भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या सुमारास एक नवा तहसीलदार गावात आला होता. मामाजींनी त्याला ओसरीवर बसवलं, पान दिलं आणि सांगितलं, "आमच्याकडे मोटार होती साहेब, विलायती. देशाले गरज होती म्हणून सरकारले देऊन टाकली." पटवारी, कोतवाल, गावची चार शहाणी माणसं समोर बसली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. तहसीलदारानं मामाजींना नमस्कार केला आणि अशी दानत आता राहिली नाही, असं म्हणाला.

मी आत चहा गाळत होते. या खेपेला मी बाहेर गेले नाही. यात कुणाची मुलगी द्यायची नव्हती.